पश्चिमेच्या भिंतीचा करंज

घरावर टिनाचे पत्रे टाकायचा निर्णय बाबांनी हिशेब करूनच घेतला होता आणि तो हिशेब चुकलेला नव्हता. त्यात फक्त उन्हाळा धरलेला नव्हता. आमचं दिग्रसचं घर आधी कवेलूचं, म्हणजे मातीच्या कौलांचं होतं. हिवाळा सरला की चिंचांच्या मागे वानरांची टोळी गावात यायची आणि आमच्या छपरावरून शेजारच्या छपरावर उड्या मारत जायची. मृगाच्या आधी दोन माणसं लावून कवेलू फेरून घ्यावे लागत, फुटलेल्यांच्या जागी नवे आणावे लागत, आणि एवढं करून पहिल्या मोठ्या पावसात स्वयंपाकघरात पातेली मांडावी लागायचीच. बाबा जिनात, कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. दिवसभर कापसाच्या गाड्या तोलणारा माणूस. जे काट्यावर चढत नाही त्याच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी दरवर्षीची फेरणी आणि एकदाचं टिन असे दोन आकडे समोरासमोर ठेवले आणि टिन जिंकलं. छप्पर चढलं तेव्हा गल्लीतली माणसं बघायला आली होती. आईनं सगळ्यांना चहा दिला.

मग चैत्र आला. त्या घराचे आवाज मला अजून आठवतात. सकाळी ऊन चढू लागलं की टिन कुठेतरी एकदा टणकन वाजायचं, कोणी वरून खडा मारल्यासारखं. दुपारी बाराला जिनाचा भोंगा झाला की घरात बोलणंच थांबायचं, कारण तोंड उघडलं तरी गरम हवा आत जायची. संध्याकाळी छप्पर निवू लागलं की कटकट कटकट आवाज सुरू व्हायचा तो जेवणं आटोपेपर्यंत. घर पूर्व-पश्चिम लांब होतं. पुढे सपरी, म्हणजे ओसरी, मध्ये स्वयंपाकघर, मागे पश्चिमेची खोली. त्या मागच्या खोलीच्या भिंतीवर दुपारी दोनपासून ऊन सरळ येऊन आदळायचं ते मावळेपर्यंत, आणि भिंत ते पोटात ठेवून घ्यायची. रात्री वरचं टिन थंड झालं तरी ती भिंत शेगडीसारखी धगधगत असायची. आम्ही अंगणात निजत होतो, पण आजारी माणूस, म्हातारं माणूस, बाळंतीण अंगणात कशी निजणार? आमच्या आत्या, बाबांच्या थोरल्या विधवा बहीण, त्या खोलीला ‘भाड’ म्हणायच्या. भडभुंज्या फुटाणे भाजतो ते भाड.

बाबांनी मग वाळ्याच्या ताट्या आणल्या. त्या भिजवायला पाणी लागायचं, पाणी विहिरीवरून आणायला आई आणि मी लागायचो, आणि विहीर उन्हाळ्यात खोल जायची. ताट्या दोन उन्हाळे टिकत, मग नव्या. मला लहानपणापासून बेरजा आवडतात, तो दोष म्हणा की गुण, बाबांकडूनच आला. मी मनातल्या मनात धरत गेले: ताट्या, दोर, विहिरीचे खेटे, दुपारचा वाया गेलेला वेळ, माठ बदलायचे पैसे. फेरणीत वाचलेलं सगळं उन्हाळ्यात जात होतं, वर घामोळं फुकट. बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “पाणी कायले धरतं त्याच्यात? पाण्याले का पैसे पडते?” पाणी आणणाऱ्यांचे हात त्यांच्या काट्यावर चढत नव्हते.

त्या पावसाळ्यात शाळेनं झाडं लावायचा कार्यक्रम केला आणि उरलेली रोपं मुलांना वाटली. मला करंजाची दोन मिळाली. मी ती पश्चिमेच्या भिंतीमागे, कुंपणाच्या आत, भिंतीपासून चांगलं आठ हात दूर लावली. जागा सहज निवडलेली नव्हती. दुपारी ऊन कुठून येतं ते पाहून, काठी रोवून, काठीची सावली भिंतीवर कुठे पडते ते बघून ठरवली होती. बाबा हसले. “हे झाड मोठं होईपर्यंत तू सासरी जाशीन.” आत्या म्हणाल्या, “घराजवळ झाड म्हणजे इचूकाट्याले आवतन.” एक रोप शेजारच्या शेळीनं खाल्लं. दुसऱ्याभोवती मी बाभळीचे काटे लावले आणि न्हाणीच्या मोरीपासून तिथपर्यंत खुरप्यानं एक पाट ओढला. घरातल्या सहा माणसांच्या आंघोळीचं पाणी एरवी गल्लीत जाऊन चिखल करत होतं, ते करंजाला जाऊ लागलं. म्हणजे झाडावर वेगळं पाणी खर्च झालं नाही, हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे अनेक वर्षं बाबा म्हणत की सुमीनं झाडापायी विहीर आटवली.

करंज मोठा होईपर्यंत दोन वर्षं मी टिनावर वालाचे वेल चढवले. ते पावसाळ्यात छान पसरायचे, दाण्याची उसळ हिवाळाभर पुरायची, पण ऐन उन्हाळ्यात वाळून जायचे आणि वर शेंगा बघून वानरं यायची. टिनावर वानर उडी मारतं तो आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगता येणार नाही. आत्या जेवता जेवता दचकून म्हणायच्या, “सुमे, तुह्या शेंगा पावल्या वं बाप्पा!” वेल सोडले. करंज मात्र चिवट निघाला. तिसऱ्या वर्षी खिडकीएवढा झाला, पाचव्या उन्हाळ्यात छपराच्या वर गेला. फाल्गुनात पानं टाकायचा आणि चैत्र संपता संपता पुन्हा असा दाट व्हायचा की खालून आभाळ दिसू नये. ज्या महिन्यात सावली हवी नेमक्या त्याच महिन्यात ती तयार. दुपारी भिंतीवर ऊन कवडशांएवढंच उरलं. त्या वर्षी नव्या ताट्या आणल्या नाहीत. जुन्याही फारशा भिजवाव्या लागल्या नाहीत.

इथे माझी चिडचिड सुरू होते आणि ती अजून संपलेली नाही. खर्च झाला की तो सगळ्यांना दिसतो. झाला नाही तर कोणाला दिसत नाही. मागची खोली गार झाली हे सगळ्यांनी मान्य केलं, पण बाबा म्हणत की टिनाला वरून चुना मारला त्यामुळे. आई म्हणे, मागं खिडकी मोठी केली ना, म्हणून. आत्यांच्या मते यंदा ऊनच कमी होतं. झाडाचं नाव कोणी घेतलं नाही. आज यवतमाळच्या माझ्या घरात हेच चालतं. पश्चिमेला मी करंज आणि कडुनिंब लावले आहेत, शेजारच्यांचा कूलर होळीला बाहेर निघतो आणि आमचा त्यानंतर महिन्यानं, विजेचं बिल दोघांचं शेजारी ठेवून मी मुलाला दाखवलं आहे. तो म्हणतो, “आई, त्यांचा कूलर जुना आहे, वीज जास्त खातो.” त्याला तिथे फरशी बसवून गाडी ठेवायची आहे.

माझी मोठी बहीण शांताताई तोवर लग्न होऊन पुसदला गेली होती. तिच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, उंच, स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. लग्नानंतर पहिल्यांदा आल्या तो ऐन टिनाचा काळ होता. मागच्या खोलीत पाच मिनिटं बसून बाहेर आल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, “बाई बाई, हे घर हाय का भट्टी? पुढं माही सून बाळंतपणाले इथं नाई धाडणार मी, आताच सांगून ठेवतो.” आईचा चेहरा उतरला. पहिलं बाळंतपण माहेरी, ही साधी गोष्ट नव्हती. आईला तीन मुलं झाली ती तिन्ही तिच्या आईच्या हाताखाली. पहिल्या नातवंडाला आपण न्हाऊ घालायचं, पायावर घेऊन तेल लावायचं, हे ताईच्या लग्नाआधीपासून तिच्या मनात होतं. पाचव्या उन्हाळ्यात विहीणबाई पुन्हा आल्या, त्याच खोलीत दुपारी निजल्या आणि चांगल्या दोन तास घोरल्या. उठून म्हणाल्या, “आता कसं बरं वाटून राह्यलं. काय केलं हो?” बाबा म्हणाले, “चुना मारला.” विहीणबाई म्हणाल्या, “मग धाडीन.” आईनं त्या दिवशी पुरण घातलं.

पुढच्या वर्षी ताईला दिवस राहिले. बाळंतपण ज्येष्ठात येणार होतं. आईनं डिंक आणला, खारका फोडून ठेवल्या, जुनी लुगडी धुऊन मऊ घड्या केल्या. त्याच वर्षी वैशाखाच्या सुरुवातीला माझ्या भावाचं, मधुदादाचं लग्न ठरलं. घर सरगुंड्यांनी भरून गेलं. गव्हाच्या भिजवलेल्या रव्याची वळी काडीभोवती गुंडाळून बायका सपरीत ओळीनं बसत, अंगणभर धोतरांवर ती वाळत घातलेली असत आणि पाखरं हाकलायला कोणी ना कोणी पोट्टं बसवलेलं असे. ताई आधीच आली होती, ती मागच्या खोलीत बाजेवर बसून सुपारी कातरायची. “इथंच बरं वाटते मले,” म्हणायची. खिडकीतून करंजाची नवी पोपटी पानं आत यायची.

आमच्याकडे मांडवाचे हिरवे डहाळे जावई आणतो. तो मान आहे. गाडी जुंपून जायचं, नाल्याकाठच्या जांभळीच्या फांद्या आणायच्या, वाजतगाजत घरी यायचं आणि मग जावयाला टोपी, दुपट्टा, शेला मिळतो. आमचे भाऊजी, ताईचे यजमान, तहसील कचेरीत कारकून. स्वच्छ पांढरा सदरा, खिशाला पेन. ते सकाळी चहा पीत सपरीत बसले होते. नाला गावापासून दूर, उन्हं चढलेली, गाडीवाला यायला उशीर करत होता आणि भाडंही चढं मागत होता. भाऊजी पाय मोकळे करायला मागे गेले आणि तिथूनच हाक मारली.

“मामाजी, एवढ्या उन्हात नाल्यावर कायले जायचं? दारातच तं आहे न डहाळं. हिरवंगार!”

बाबा धावत गेले. मीही गेले. भाऊजी करंजाकडे बघत उभे होते, कमरेवर हात ठेवून, जणू त्यांनीच तो शोधून काढला होता.

आत्या मागून आल्या. “मांडवाले जांभूयच लागते, बापू.”

“पाच फांद्या जांभळीच्या आणतो न आत्याबाई, समोरच्या मेढीले बांधायले. वरतून सारं हिरवंच दिसते. वऱ्हाडी का वर चढून पाहतीन, करंज हाय का जांभूय?”

सगळे हसले. बाबांनी गाडीभाड्याचा विचार केला असणार. त्यांच्या तोंडावर तो मला स्पष्ट दिसला. ते म्हणाले, “नाई तरी लय वाढला होता.”

मी झाडापुढे जाऊन उभी राहिले. “भाऊजी, हे नका तोडू. हे तोडलं तं मागची खोली तापीन.”

“तापू दे न. लग्न का मागच्या खोलीत हाय?”

“लग्नानंतर तापीन.”

“लग्नानंतर कोण राहणार हाय तिथं?”

हा प्रश्न त्यांनी खरंच विचारला होता, चेष्टेत नाही. आणि त्याचं उत्तर मला देता येत नव्हतं. अंगणात पाहुणे उभे होते, बाबा होते, दादाचे मित्र होते. सोळा वर्षांच्या मुलीनं मेहुण्याला, चार पुरुषांसमोर, तुमची बायको इथं बाळंत होणार आहे असं सांगायचं? आमच्या घरात तो शब्दसुद्धा बायका आवाज खाली करून उच्चारत. मी म्हणाले, “घर गार राह्यते याच्यानं. भिंतीवर ऊन येत नाई. ताट्यांचे पैसे वाचते.”

“वा, वकीलीनबाई!” भाऊजी म्हणाले. “मामाजी, हिले कचेरीत लावून देऊ का?”

आईनं मागून माझा दंड धरला. “सुमे, मुकी राय. जावई हायेत ते.”

“आई, तुले माहीत हाय नं ती खोली कोणाले...”

“मुकी राय म्हटलं नं.”

आईला माहीत होतं. हे मला तेव्हाच कळलं आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. पण जावयानं डहाळ्यावर हात ठेवला होता आणि त्या हाताला नाही म्हणायची रीत आमच्याकडे नव्हती. मान त्याचा, दिवस शुभ. कोणीतरी कुऱ्हाड आणली. भाऊजींनी पहिला घाव घातला, उरलेले गड्यांनी घातले. खोड माणसाच्या उंचीइतकं ठेवून वरचं सगळं उतरवलं. मग त्या फांद्या घराला वळसा घालून, गल्लीतून, वाजंत्री लावून पुढच्या दारी आणल्या. मागच्या अंगणातून पुढच्या अंगणात. बायकांनी भाऊजींना ओवाळलं, बाबांनी टोपी घातली. मांडव खरंच छान दिसला. हळदीच्या दिवशी त्याच्याखाली गारवा होता. लग्नाच्या दिवशी पानं माना टाकून लोंबत होती, आणि वरात परत आली तोवर कुरकुरीत झाली होती. ती शेजारच्या शेळीला घातली, फांद्या चुलीत गेल्या.

पाहुणे पांगले आणि भिंत तापायला लागली. पहिले चार दिवस कसेबसे काढले. मग ताई दुपारी बाजेवरून उठून खाली जमिनीवर निजू लागली. मग ओल्या पंच्यावर. बाबांनी बांबूचा तट्टा आणून भिंतीला बाहेरून टेकवला, तो वावटळीत उडाला. मी पोती भिजवून खिडकीला लावली. विहिरीत बादली बुडेनाशी झाली होती, दोर आणखी जोडावा लागला. आई आणि मी आळीपाळीनं खेटे घालत होतो आणि एकमेकींशी बोलत नव्हतो. ताई एकदा हसून मला म्हणाली, “माह्याच नवऱ्यानं तोडलं, मीच बोलाले पाह्यजे होतं. पण काय म्हणू? माह्या बाळंतपणाले लागते, ठेवा, असं म्हणू? भर मांडवात?” तिचे पाय सुजले होते. एका दुपारी तिच्या नाकातून रक्त आलं. घोळणाच फुटला होता, आत्यांनी कांदा हुंगवला, डोक्यावर पाणी थापलं, थांबलं. पण त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं विहीणबाई आल्या. सुनेसाठी आंबे घेऊन सहज आल्या होत्या.

त्या खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा रागावलेल्या नव्हत्या, त्यामुळे आई जास्त घाबरली.

“विहीणबाई,” त्या म्हणाल्या, “मांगच्या साली तं खोली गार होती. चुना नाई मारला का यंदा?”

आईनं आंब्यांची टोपली जवळ ओढली. उत्तर द्यायचं म्हणजे त्यांच्या मुलानं काय केलं ते सांगायचं. बाबा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. आत्यांनी तोंड उघडलं तर बाबांनी त्यांच्याकडे बघितलं. मी दारात उभी होते आणि आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी मागे सरले.

“मी नेतो हिले,” विहीणबाई म्हणाल्या. “राग मानू नका. पोरगी हाय, पहिली खेप हाय. आमचं घर कवेलूचं.”

“ताट्या आणतो मी उद्या,” बाबा म्हणाले. “नव्या आणतो.”

“ताट्यानं का होते, दादा?”

न्यायला भाऊजी आले. सकाळची एस.टी. होती. आईनं डिंकाचे लाडू, बाळंतविडा, मऊ लुगड्यांच्या घड्या, सगळं एका पेटीत भरून दिलं. स्टँडवर पेटी टपावर चढवून झाल्यावर भाऊजी बाबांजवळ आले आणि मनापासून, काळजीनं म्हणाले, “मामाजी, टिनाच्या घराचं असंच असते. तुम्ही असं करा, मांगच्या अंगाले एखादं झाड लावा. चार-पाच वर्षांत फरक पडते.”

“लावतो,” बाबा म्हणाले.

मी त्या वेळी काय केलं असतं ते सांगता येत नाही, पण आईनं आपला हात माझ्या हातात घातला होता, आणि ती तो इतका घट्ट धरून होती की मला हलता आलं नाही.

ज्येष्ठात पुसदचा एक माणूस सरकीच्या कामानं जिनात आला, त्यानं बाबांना सांगितलं, मुलगी झाली. आई बारशाला गेली. आठ दिवस राहून परत आली तेव्हा जेवणाबद्दल बोलली, बसच्या गर्दीबद्दल बोलली, बाळाच्या जावळाबद्दल थोडं बोलली. न्हाऊ कोणी घातलं हे आम्ही विचारलं नाही. ते विचारायची गरज नव्हती.

पावसात करंजाच्या बुंध्याला सगळीकडून फुटवे आले. करंज मरत नाही सहजासहजी. बाबांनी मला मुद्दाम बोलावून दाखवलं. “पाय, आला नं परत? उगाच गोंधळ घातलता तू.” त्यांच्या दृष्टीनं जमा आणि खर्च जुळले होते. ते नव्वदीला आले तरी हा विषय निघाला की हेच म्हणत आणि मी दरवेळी त्यांच्याशी भांडत असे. आता भांडायला ते नाहीत, म्हणून इथे लिहिते.

ताईची पुढची दोन्ही बाळंतपणं पुसदलाच झाली. तिसऱ्याच्या वेळी करंज पुन्हा छपराच्या वर गेला होता, भिंतीवर ऊन येत नव्हतं, आईनं बाज नव्यानं विणून घेतली होती. पण एकदा तिकडची पद्धत पडली होती आणि ती मोडा असं विहीणबाईंना म्हणायचं कोणी, हे आमच्या घरात ठरलं नाही. बाबांनी मग त्या खोलीत गाईला घालायची सरकी भरून ठेवायला सुरुवात केली. खोली गार आहे, सरकी खराब होत नाही, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आत नेऊन दाखवत. आणि हे झाडामुळे, असंही सांगत.